बजेट : अर्थसंकल्प म्हणावं की अंदाजपत्रक?

वडोदऱ्यातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची सभेची विषयपत्रिका मराठीत छापायची आहे. 'बजेट'ला अर्थसंकल्प लिहावं की अंदाजपत्रक? शब्द मुळात कुठला?

— अंदाजपत्रक. अर्थसंकल्प म्हटलं की केंद्राचा किंवा राज्याचाच डोळ्यांपुढे येतो. महापालिकेला दोन्ही शब्द चालतात. मंडळ, सोसायटी, शाळा यांचं अंदाजपत्रकच. गुजरातीतही 'अंदाजपत्र' आहे, त्यामुळे तिकडच्या सभासदांना वेगळं सांगावं लागणार नाही.

— मूळ लॅटिन 'बुल्गा', म्हणजे चामड्याची पिशवी. जुन्या फ्रेंचमध्ये लहान पिशवी ती 'बूजेत', आणि पंधराव्या शतकात इंग्रजीत आली तीही पिशवी याच अर्थाने. पैशांशी तिची गाठ पडली १७३३ साली. ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोलच्या अबकारी कराच्या योजनेवर विरोधकांनी एक पत्रक काढलं : भोंदू वैदूने पोतडी सोडावी तसा हा आपले कर बाहेर काढतोय. टीकेतला हा शब्द पुढे संसदेतच रुळला. आपल्या राज्यघटनेच्या कलम ११२ मध्ये मात्र तो नाही. तिथे 'अ‍ॅन्युअल फायनान्शिअल स्टेटमेंट' आहे.

— विषयपत्रिकेत आणखी एक घोळ टाळा. उत्सव उरकल्यावर वाटतात त्या कागदालाही पुष्कळ मंडळं बजेट म्हणतात. तो जमाखर्च. अंदाजपत्रक पुढच्या वर्षाचं, खर्चाआधी मंजूर व्हायचं. त्यात प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने ठेवा : गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्गणी धरताना कबूल झालेला आकडा घेऊ नका, गेल्या वर्षी हातात आलेली रक्कम घ्या. बहुतेक तूट तिथेच येते. आणि मांडववाला देतो तो एका कामाच्या खर्चाचा अंदाज, म्हणजे एस्टिमेट. सरकारी बांधकामात त्यालाही अंदाजपत्रक म्हणतात, म्हणून तुमच्या कागदावर 'वार्षिक अंदाजपत्रक' असं पूर्ण लिहा.

— रकान्यांना 'आवक-जावक' नको. गुजरातीत आवक म्हणजे उत्पन्न, म्हणून इथे ते सहज लिहिलं जातं. मराठीत आवक-जावक ही टपालाची नोंदवही किंवा बाजारातला माल. 'जमा' आणि 'खर्च' लिहा.

— बोलताना बजेट खुशाल म्हणा, शब्द आपलाच झालाय. ते बजेट, नपुंसकलिंगी. 'बजेटात बसत नाही', 'बजेट कोलमडलं' ही चांगली मराठी आहे. इथे अंदाजपत्रक घातलं तर वाक्य अवघडतं. 'बजेट फोन'मध्ये तर अर्थ नुसता 'स्वस्त' एवढाच उरतो.