मदत हवी आहे: एमबीएला का आलात, याचं खरं उत्तर काढायचं कसं?

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी एमबीएला प्रवेश घेणाऱ्यांच्या प्रेरणांवर प्रश्नावली करतेय आणि एका जागी गाडी अडलीय. फॉर्मवर जो तो 'नेतृत्वगुण' आणि 'ज्ञानवृद्धी'वर टिक करतो. गप्पांत मात्र वेगळंच निघतं. एक इंजिनिअर म्हणाला, "डिझाइन माझं, पण बैठकीत मांडतो दुसराच, मला आत बोलावतच नाहीत." पगाराचं नावही काढलं नाही त्याने! एकीला नोकरी सोडण्यासाठी घरच्यांना पटेल असं कारण हवं होतं. हा पर्याय प्रश्नावलीत कुठे बसवू?

वाचन झालंय: गॅरी बेकर यांचं मानवी भांडवल (शिक्षण म्हणजे पुढच्या कमाईसाठी स्वतःत केलेली गुंतवणूक), डेसी-रायन यांची आंतरिक-बाह्य प्रेरणा (आवडीपोटी करणं की पगार-बढतीसारख्या फळासाठी करणं), आणि मायकेल स्पेन्स यांचा १९७३ चा संकेत सिद्धांत, म्हणजे पदवीने कौशल्य वाढो न वाढो, ती मालकाला तुमची कुवत दाखवते. पण बढती अडलेला आणि क्षेत्रच बदलायला निघालेला, दोघांना 'बाह्य' या एकाच खात्यात टाकणं मला काही पटत नाही.

ज्यांनी एमबीए केलंय त्यांनी कृपया सांगा, अर्ज भरण्याआधी नेमकं काय खटकत होतं? प्रवेशाच्या निबंधातलं कारण नको, ते पाठ झालंय. आणि सर्वेक्षणाचा अनुभव असलेल्यांना विचारायचंय: 'तुमचे वर्गमित्र का आले असतील?' असं आडून विचारलं तर चालेल, की गाइड पहिल्याच बैठकीत फुली मारतील?