उपचार योजनेतून होतील, पण घर कसे चालवायचे?

विषय: नागपूरच्या मामेभावाच्या उपचारकाळातील घरखर्चाबाबत
प्रेषक: मंडळाची एक सभासद

परदेशातील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझा मामेभाऊ नागपूरजवळ बुटीबोरीला भाड्याच्या घरात राहतो आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काही वर्षांपासून नोकरी करतो. फेब्रुवारीत त्याला तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि आता एप्रिलच्या अखेरीस किरणोपचार सुरू व्हायचे आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसल्यामुळे शस्त्रक्रियेचे बिल घरच्यांना भरावे लागले नाही आणि किरणोपचारही योजनेतूनच होणार आहेत. त्यामुळे आम्ही इकडे निश्चिंत होतो.

परवा वहिनीशी सविस्तर बोलणे झाले, तेव्हा खरी परिस्थिती कळली. भावाची रजा संपली असून दोन महिन्यांपासून पगार बंद आहे. वहिनी घरी ब्लाउज शिवते, पण त्याच्याजवळ सतत थांबावे लागत असल्याने मशीन बंदच आहे. घरभाडे, किराणा, दोन मुलांची शाळा, बचतगटाचा हप्ता आणि शहरात जाण्यायेण्याचे भाडे हे सर्व मोडलेल्या मुदत ठेवीतून चालले आहे. कारखान्यातील कोणीतरी राजीनामा देऊन हिशेब घेऊन टाकण्याचा सल्लाही दिला आहे.

मंडळातर्फे काही रक्कम एकदम जमवून रुग्णालयाकडे पाठवावी, असे माझ्या मनात होते. ते योग्य होईल का, आणि नागपुरातील व्यवस्थेची माहिती असणाऱ्या कोणाला आणखी काही सुचते का, हे कृपया कळवावे.

आपली नम्र,
एक सभासद

---

प्रेषक: नागपूरला परतलेले एक जुने सभासद

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मन अस्वस्थ झाले. नोकरीनिमित्त परदेशी घालवलेल्या वर्षांनंतर आम्ही नागपूरला परतलो आणि काही काळाने माझ्या पत्नीला याच आजाराच्या उपचारांतून जावे लागले. तेव्हापासून इथल्या रुग्णालयांमध्ये रुग्णांच्या घरच्यांसोबत बसणे, कागदपत्रांत त्यांना मदत करणे हे मी करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रुग्णालयाकडे रक्कम पाठवू नये. पैसा घरात पोहोचला पाहिजे, आणि तोही एकरकमी नव्हे, दरमहा.

याचे कारण असे. ही योजना आता महाराष्ट्रातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. रुग्ण दाखल असताना त्याचे जेवण त्यात येते, घरी सोडताना एकवेळचे प्रवासभाडेही मिळते. मात्र किरणोपचारांसाठी माणूस सहसा दाखल नसतो. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण सहा ते सात आठवडे चालतात. दर वेळी यंत्राखाली काही मिनिटेच लागतात, पण त्या मिनिटांसाठी पंचवीस-तीस किलोमीटर जावे आणि परत यावे लागते. सोबत एक माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते. या कशाचेही बिल होत नाही, म्हणून ते कोणत्याही योजनेच्या हिशेबात दिसत नाही.

आणि नेमका इथेच उपचार तुटतो. किरणोपचारांत खंड पडणे या आजारात फार घातक असते, कारण मध्ये गेलेल्या दिवसांत उरलेल्या पेशींना वाढायला अवधी मिळतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड आतून सोलवटते, गिळताना आग होते, घासच नकोसा वाटतो आणि वजन उतरू लागते. अशा वेळी घरात रिक्षाचे पैसे नसतील तर ‘आज राहू द्या, उद्या जाऊ’ असे माणूस सहज म्हणून जातो. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून आलेली कितीतरी कुटुंबे अशीच अर्ध्यावर गावाकडे परततात. रुग्णालयाला एक रुपयाही द्यायचा नसताना ती परततात, याचे मला फार दुःख होते. म्हणून प्रवासाचा आणि जेवणाचा पैसा हाच उपचाराचा पैसा आहे असे मानावे, अशी माझी मंडळाला कळकळीची विनंती आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या भावाने कोणत्याही परिस्थितीत राजीनामा देऊ नये आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. त्याच्या पगारपत्रकात राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआयसीची कपात होते का, हे आजच पाहायला सांगा. दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांना हा विमा लागू असतो आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या बहुतेक कामगारांना त्याची ओळख केवळ दवाखाना म्हणून असते. प्रत्यक्षात आजारपणात वेतनाची भरपाई देणे हा त्या विम्याचा मोठा भाग आहे. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत तोच भत्ता ८० टक्के दराने आणि दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. त्यासाठी किमान दोन वर्षांची विमाकृत नोकरी आणि लगतच्या चार सहामाही अंशदान कालखंडांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. त्याची नोकरी सलग असेल तर ही अट पूर्ण झालेली असणार. रुग्णालयाचा तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद आणि विम्याचा क्रमांक घेऊन ईएसआयसीच्या दवाखान्यात जावे, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घ्यावे आणि मग शाखा कार्यालयात दावा दाखल करावा. हे काम चिकाटीचे आहे. माझी तयारी आहे, मी वहिनींसोबत जाईन.

भविष्य निर्वाह निधीतूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. तरीही ती शेवटी काढावी, असे माझे मत आहे. उपचार संपल्यावर लगेच कामावर उभे राहणे त्याला जमणार नाही. जबडा पुरेसा उघडत नाही, बोलणे नीट व्हायला वेळ लागतो, आणि त्या महिन्यांसाठी हाताशी काही असणे फार आवश्यक असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा समावेश आहे आणि महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणून अनेक जण तो अर्ज सुचवतात. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, इतकी कमी आहे की पगारदार घराला ती आज लागू होणार नाही. त्यात तहसील कार्यालयाच्या चकरा वाया घालवू नयेत.

प्रवासाबाबत सांगायचे तर एसटीच्या भाड्यात कर्करोगग्रस्तांना सवलत आहे आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट लागते, त्यामुळे वहिनींचा खर्च आपोआप कमी होईल. पण मे महिन्यातील नागपूर तुम्ही जाणताच. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना किरणोपचारांनी भाजल्यासारख्या झालेल्या गळ्याच्या त्वचेवर ऊन पडू देऊ नये, असे डॉक्टर बजावतात. बुटीबोरीहून दुपारी एसटीने ये-जा करणे पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याला झेपणार नाही. त्या काळापुरती रुग्णालयाजवळ एखादी खोली घ्यावी आणि सकाळची वेळ मागून घ्यावी. कूलरचे वीजबिल हाही त्या महिन्याचा खरा खर्च आहे, तो धरूनच ठेवावा.

जेवणासाठी महागड्या डब्यांमागे धावण्याची गरज नसते. दूध, अंडी, नाचणीचे सत्त्व, मुगाचे घट्ट वरण, तूप घातलेली पेज, हे सर्व मिक्सरमधून काढून थंड करून थोडे थोडे द्यायचे. तिखट आणि आंबट पूर्ण बंद. वजन दर आठवड्याला पाहून आहारतज्ज्ञांना दाखवायचे. नाकातून नळी घालण्याची वेळ आली तर घाबरू नये, कारण त्या नळीमुळेच पुष्कळांचे उपचार वेळेत पूर्ण होतात. किरणोपचार सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांची तपासणी झाली आहे ना, हेही विचारा. नंतर दात काढावा लागला तर जबड्याच्या हाडाला जखम राहण्याचा धोका असतो आणि तो खर्च फार मोठा होतो.

केमोही सोबत असेल तर घरात एक पाकीट वेगळे ठेवायला सांगा. रात्री ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते, आणि त्या रिक्षाचे पैसे कोणाकडे मागत बसण्याची वेळ येऊ नये.

आपला,
नागपूरचे काका

---

प्रेषक: मंडळाची एक सभासद

आदरणीय काका, सादर नमस्कार.

तुमचे पत्र वहिनीला फोनवर वाचून दाखवले. पगारपत्रकात दरमहा १२८ रुपयांची ईएसआयसीची कपात आहे. ती कशासाठी आहे, हे दोघांनी कधी कोणाला विचारले नव्हते आणि कारखान्यातूनही कोणी सांगितले नाही. राजीनाम्याचा विषय त्यांनी पूर्ण थांबवला आहे. वहिनी गुरुवारी कागद घेऊन निघू शकते. तुम्ही सोबत असाल तर तिला फार धीर येईल.

एक शंका अजून आहे. इथले काही नातेवाईक त्याला मुंबईला टाटा रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरत आहेत आणि त्यासाठी पैसे देण्याचीही त्यांची तयारी आहे. नकार दिला तर आपण काही कमी केले, अशी टोचणी आईला लागून राहील. याबाबत तुमचे स्पष्ट मत हवे आहे.

आपली नम्र,
एक सभासद

---

प्रेषक: नागपूरचे काका

प्रिय ताई,

१२८ रुपयांच्या कपातीवरून त्याचे वेतन साधारण १७ हजार असावे. ८० टक्के दराने भत्ता मंजूर झाला तर महिन्याला साधारण साडेतेरा हजार रुपये येतील, म्हणजे भाडे आणि किराणा तेवढ्यात निघेल. गुरुवारी मी येतो.

मुंबईबद्दल तुमच्या मातोश्रींना माझ्या वतीने सांगा. दुर्मीळ प्रकारचा कर्करोग असता किंवा निदानाविषयी शंका असती, तर मी स्वतः तिकीट काढून दिले असते. कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबतच्या व्यक्तीला ७५ टक्के सवलतही मिळते. पण तोंडाचा कर्करोग हा विदर्भातील डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातील आजार आहे. इथल्या खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, ती वेळ आणली आहे. मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांसारखी स्वतंत्र कर्करोग रुग्णालये शहरात आणि शहरालगतच आहेत. दुसरे मत हवे असेल तर कागद आणि तपासणीच्या काचपट्ट्या (स्लाइड्स) पाठवून घेता येते. सात आठवडे परळमध्ये राहण्याचा खर्च, मुलांपासूनची ताटातूट आणि रांगेत गेलेला वेळ यांचा विचार करता, चालू उपचार इथेच पूर्ण होऊ द्यावेत. नातेवाइकांनी मुंबईसाठी काढून ठेवलेली रक्कम खोलीच्या भाड्याला द्यावी.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

सर्व सभासदांस नमस्कार.

काकांचे म्हणणे कार्यकारिणीला पूर्ण पटले आहे. पैसे पाठवण्याच्या पद्धतीबाबत मात्र दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते. भारतातील आयकर कायद्यानुसार एका आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून मिळून ५०,००० रुपयांहून अधिक भेट आली, तर ती सर्व रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. त्या कायद्याच्या व्याख्येत मामेभाऊ आणि आत्तेबहीण हे नाते बसत नाही, पण आत्या बसते. त्यामुळे आमच्या या भगिनींच्या मातोश्री, म्हणजे रुग्णाच्या आत्या, स्वतःच्या बचतीतून जे पाठवू इच्छितात, त्याला ही मर्यादा नाही. रुग्णाचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली राहिले तर कर लागणार नाही हे खरे, तरी आजारी माणसाच्या मागे नोटिसांचा ताप नको.

दुसरे असे की, मंडळ ही परदेशी संस्था असल्याने आपण भारतातील एखाद्या न्यासामार्फत मदत करायची म्हटली, तर त्या न्यासाकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खाते असावेच लागते. त्या मार्गाला वेळ लागेल आणि किरणोपचार थांबणार नाहीत. म्हणून या वेळी मंडळाच्या नावाने निधी न उभारता, इच्छुक सभासदांनी वैयक्तिकरीत्या भेट द्यावी, ती सर्वांची मिळून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या आत ठेवावी आणि चार महिन्यांत विभागून पाठवावी, असे सुचवतो. पहिला हप्ता खोलीची अनामत भरण्यासाठी थोडा मोठा असावा. रक्कम वहिनींच्या खात्यात न टाकता रुग्णाच्याच खात्यात जमा करावी, कारण आत्यांचे नाते त्याच्याशी आहे. मात्र एटीएम कार्ड वहिनींकडे असू द्यावे.

ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी रविवारपर्यंत मला स्वतंत्रपणे कळवावे, म्हणजे कोणी कोणत्या महिन्यात पाठवायचे याची आखणी करता येईल. ईएसआयसीचा भत्ता सुरू झाल्याचे काकांकडून कळल्यावर उरलेल्या हप्त्यांचा फेरविचार करू.

आपला,
कोषाध्यक्ष