घोडी बुजते, शेजारी भले – काय करू?

प्रश्न: माझी घोडी सात वर्षांची, चालीला झकास, पण भलतीच बुजरी. काल कुंपणावर वाळत घातलेली ताडपत्री फडफडली आणि बाईसाहेब आडव्या सरकत थेट चरात. शेजारी इतके भले की आम्ही दिसलो की ट्रॅक्टरच बंद करतात. तरी ती आणखी ताठरते. काय चुकतंय?

उत्तर: इंजिन बंद नको, वेग कमी करा म्हणावं. अचानक पडलेली शांतताही घोड्याला खटकते. आणि तुम्ही श्वास रोखता का? लगाम आवळला की तिला वाटतं, काहीतरी आहे खरं.

उत्तर: घोड्याला जवळपास ३५० अंश दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं नाही. मागून सायकल आली की दचकणारच. शेजाऱ्यांना सांगा, लांबूनच बोलत या.

प्रश्नकर्ती: श्वास! हो, रोखते. आज शेजारचे आजोबा लांबूनच तिच्याशी मोठमोठ्याने गप्पा मारत आले. तिचा एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. ताडपत्री मात्र त्यांनी घडी घालून आत ठेवलीय. आता सराव कशावर करू?