लिनक्स मिंटवर बिनबोभाट चालेल असा घरगुती प्रिंटर सुचवा

खडूवाले मास्तर: जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ ही मोफत प्रणाली आहे. पुतण्याने त्याचा जुना लेझर प्रिंटर दिला. मिंटला तो दिसतो, दिवा लुकलुकतो, कागद काही हलत नाही. तीन रविवार घालवले. आता त्यावर बायकोने मनीप्लँट ठेवलाय. नवा घ्यायचाय. महिन्याला ५०-६० पानं, चौथीच्या सरावपत्रिका. मे महिन्यात शून्य. बजेट १५ हजार. रंगीत मिळाला तर बरं. दुकानात लिनक्स म्हटलं की पोरगं गोंधळतं.

शाईग्रस्त: मे महिनाभर बंद राहणार असेल तर इंकटँक (शाईच्या टाकीचा) नको, शाई सोडणारी नोझल सुकतात. लेझरमधली टोनरची पावडर सुकत नाही. काळा-पांढरा लेझर घ्या, रंगीत पान झेरॉक्सवाल्याकडून आणा. आणि लेझर इन्व्हर्टरवर लावू नका, फ्यूजर (पावडर कागदावर वितळवणारा भाग) तापताना एकदम वीज ओढतो.

पेंग्विनकाका: मास्तर, मनीप्लँट राहू द्या. तसल्या स्वस्त लेझरला स्वतःचं डोकं नसतं. पानाचं चित्र संगणकाने कंपनीच्या खासगी भाषेत करून द्यायचं. काहींना तर चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअरही (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) संगणकाने पाजावं लागतं.

दुकानात लिनक्सचं नावच काढू नका. 'ॲप न टाकता आयफोनवरून प्रिंट येते का?' एवढंच विचारा. २०१० साली आलेलं एअरप्रिंट (ॲपलची ॲपशिवाय छापायची सोय) आयपीपी या छपाईच्या खुल्या भाषेवर चालतं, आणि आपलं कप्स (लिनक्सचं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुद्धा तीच भाषा बोलतं. वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या मॉडेलपुरतं जोडणीचं सॉफ्टवेअर, लागत नाही. (कप्सचा कोड २००७ पासून ॲपलकडेच होता, म्हणजे सोयरीक जुनी.) खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं हवं. त्याच नावाचं वाय-फाय नसलेलं मॉडेल स्वस्तात दाखवतील, भुलू नका.

खडूवाले मास्तर: घेतला! ब्रदरचा, काळा-पांढरा. दुकानात आयफोन कुणाकडेच नव्हता, शेजारच्या मोबाइलवाल्याला बोलावलं. मग वाय-फाय डायरेक्टवर (राउटरशिवाय थेट प्रिंटरला) माझा लॅपटॉप जोडून सरावपत्रिका काढली. काना-मात्रा जागच्या जागी, 'ज्ञ'सुद्धा. पण घरी राउटर नाही. रोज हॉटस्पॉट लावत बसू का?

पेंग्विनकाका: कशाला? यूएसबी केबल लावा. मिंट २१ मध्ये आयपीपी-यूएसबी (तीच भाषा केबलवरून बोलायची सोय) आधीपासून आहे, बहुतेक एअरप्रिंटवाले केबलवरूनही तसेच बोलतात. नाहीच बोलला तर ब्रलेझर नावाचा मुक्त ड्रायव्हर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहे. त्याच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते पाहा.