मागच्या पट्टीतला फ्रेंच ड्रेन: पाइपची ऑर्डर देण्याआधी

सचिव (ए-२०४): नमस्कार मंडळी. बी विंगच्या मागे शेजारच्या उंच प्लॉटमधून पाणी झिरपतं आणि पार्किंगच्या भिंतीला ओल येते, त्यासाठी फ्रेंच ड्रेनचं, म्हणजे जमिनीतलं पाणी गोळा करून वाहून नेणाऱ्या गिट्टीच्या चराचं, कोटेशन आलं आहे. १२० फूट चर, सगळीकडे २ फूट खोल. ४ इंची छिद्रांचा पाइप, वर गिट्टी, त्यावर निघालेली माती परत भरायची. गच्चीचे पाइप त्यातच जोडायचे आणि शेवट मागच्या चेंबरमध्ये. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी खोदकाम उरकायचं म्हणून पाइपची ऑर्डर उद्या देतो आहे. कोणाचं काही म्हणणं असेल तर आजच सांगा.

बी-१०१ काका: सचिव साहेब, उद्या ऑर्डर नका देऊ. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, म्हणून हे कोटेशन दोनदा वाचलं. पाणी जाणार कुठे, हे आधी ठरतं. पाइप त्यानंतर. मागचं चेंबर संडासाच्या लाइनचं आहे. त्यात पावसाचं पाणी सोडायचंच नाही. ती लाइन तुंबली की घाण पाणी आपल्याच पाइपच्या छिद्रांतून भिंतीपाशी मुरेल.

बी-३०३: काका, मग रस्त्याच्या पावसाळी नालीत सोडता येईल का? गेटच्या बाजूने जाते ती.

काका: तेच बरोबर. मनपाच्या झोन ऑफिसची परवानगी घेऊन. पण आधी नालीचा तळ किती खाली आहे ते मोजावं लागेल. आपली पट्टी जवळपास सपाट आहे. सपाट जमिनीत सगळीकडे २ फूट खोल चर म्हणजे पाइपही सपाट. पाणी त्यात उभं राहील, गाळ बसेल. १०० फुटाला १ फूट उतार धरा. १२० फुटांत जवळपास सव्वा फूट होतो.

बी-३०३: आत्ताच भावाला घेऊन लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून आलो. नालीचा तळ गेटच्या जमिनीपेक्षा अडीच फूट खाली आहे. मागची पट्टी गेटपेक्षा ९ इंच उंच आहे. पट्टीच्या कोपऱ्यापासून नालीपर्यंत अजून ६० फूट.

काका: शाब्बास, याच आकड्यांची गरज होती. वरच्या टोकाला दीड फूट खोलीने सुरुवात केली तर तिथे पाइप गेटच्या पातळीपेक्षा ९ इंच खाली येतो. १२० फुटांत साधारण १४ इंच उतार. पुढच्या ६० फुटांत बिनछिद्राचा पाइप, २०० फुटाला १ फूट उताराने, म्हणजे साधारण ४ इंच. एकूण २७ इंच. नालीचा तळ ३० इंचांवर. ३ इंच हातात राहतात. जमतं, पण इंचभरही वाया घालवता येणार नाही. ठेकेदाराने डोळ्याने उतार धरला तर संपलं.

ए-१०३ ताई: काका, नाली भरून वाहत असेल तेव्हा? सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा रस्ते आणि नाल्या एकच झाले होते ना.

काका: ताई, अगदी खरं. म्हणून शेवटी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा, आणि तो उघडून साफ करता येईल असं छोटं चेंबर. नाली भरलेली असताना आपलं पाणी थांबेल, पण नालीचं पाणी आत येणार नाही. तेवढा वेळ ओल सहन करावी लागेल.

ए-४०१: गच्चीचे पाइप जोडले तर एकाच खर्चात दोन्ही कामं होऊन राहिली ना? वेगळी लाइन कशाला?

काका: भाऊ, आपली गच्ची अंदाजे ३,००० चौरस फूट. इंचभर पावसात तिच्यावरून जवळपास ७,००० लिटर पाणी उतरतं. ते छिद्रांच्या पाइपमध्ये सोडलं की छिद्रांतून बाहेर येऊन इमारतीलगतच्या काळ्या मातीत मुरेल. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मागच्या ओट्याला भेगा कशाने पडल्या असं वाटतं तुम्हाला? आपण तिथलं पाणी कमी करायला निघालो आहोत. गच्चीचं पाणी वेगळ्या बंद पाइपने बोअरच्या पुनर्भरणाला न्या, गाळणी लावून.

बी-२०२: गिट्टीत माती शिरू नये म्हणून लावायच्या कापडाचे ठेकेदाराने वेगळे पैसे सांगितले आहेत. माझ्याकडे हिरवी शेडनेट पडून आहे. चालेल का?

काका: नाही चालणार. काळी माती फार बारीक असते, शेडनेटमधून आरपार जाते. ताडपत्री म्हणाल तर तिच्यातून पाणीच जात नाही. नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल घ्या, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं न विणलेलं कापड. आणि ते चराच्या तळाला आणि बाजूंना अंथरून, गिट्टी भरून, वरून दुमडायचं. नुसतं पाइपला गुंडाळलं तर गिट्टीत माती शिरतच राहते.
गिट्टी २० एमएमची, धुतलेली. क्रशरवरून चुरीसकट येते, तीच चुरी पाइप बुजवते. ट्रक आला की बादलीभर गिट्टी पाण्यात ढवळून बघा. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत.
निघालेली माती तर अजिबात परत भरायची नाही, कोटेशनमधली ती ओळ कापा. वर काळ्या मातीचा थर बसला की पृष्ठभागावरचं पाणी चरात उतरणारच नाही. कापड दुमडल्यावर वर ३ इंच मोकळी गिट्टी ठेवा. पानं, कचरा साचला तर तेवढीच काढून धुता येते.

ए-४०१: छिद्रं वर ठेवायची ना? पाणी वरूनच येतं.

काका: खाली. चरात पाणी तळापासून वर चढतं. छिद्रं खाली असली की पाणी थोडं साचताच पाइप वाहायला लागतो. वर असली तर जवळपास पाइपभर पाणी साचेपर्यंत काहीच होत नाही. पाइपखालीही २ इंच गिट्टी हवी.

सी-१०१ आजी: आमच्या कडुलिंबाचं काय? चर त्याच्या बुंध्याजवळून जातो आहे. झाड तोडायचं नाही हं.

काका: नाही आजी, झाड राहील. त्या भागात बिनछिद्राचा पाइप टाकू म्हणजे मुळं आत शिरणार नाहीत, आणि चर जमेल तितका लांबून नेऊ. मोठी मुळं मात्र कापायची नाहीत, मी स्वतः उभा राहीन.

बी-३०३: कंपाऊंड वॉलला लागून खणणार आहेत म्हणे. तिथेच तर पाणी येतं.

काका: हे सगळ्यांत धोक्याचं. खालच्या टोकाला चर पावणेतीन फुटांच्या आसपास जाईल. भिंतीच्या पायाखालची माती सुटली तर भिंत मजुरांवर येईल. पायाची खोली आधी एका ठिकाणी खणून बघा. भिंतीपासून निदान ३ फूट सोडा, दिवसाला २० फुटांहून जास्त चर उघडा ठेवू नका आणि रात्री फळ्या, दोरी लावा. पट्टीत मुलं खेळतात.
कोपऱ्यावर एकदम काटकोनी बेंड नको, ४५ अंशाचे दोन लावा, आणि वरच्या टोकाला व कोपऱ्यावर झाकणाचा उभा पाइप ठेवा. पाइप टाकल्यावर, गिट्टी भरायच्या आधी, वरून नळी लावून शेवटी पाणी येतं का ते सगळ्यांसमोर बघायचं. फोटो ग्रुपवर टाका.

ए-१०३ ताई: एवढं केल्यावर पट्टीतलं डबकं लगेच हटेल का काका?

काका: ताई, डबकं जमिनीवरचं आहे, त्याला फरशीचा उतार बदलावा लागेल. काळ्या मातीतून पाणी हळूच निघतं. ड्रेनने भिंतीची ओल कमी होईल, धो धो पावसात डबकं तासाभरात आटेल असं मी नाही म्हणणार. फरशी आणि ड्रेन दोन्ही एकदम केलं तर उत्तम.

सचिव: ऑर्डर थांबवली. काका, तुमच्या मुद्द्यांवरून ठेकेदाराला नवीन कोटेशन मागतो, फरशीच्या उताराचा वेगळा भाव धरून. झोन ऑफिसला मी सोमवारी जातो. रविवारी सकाळी ७ वाजता लेव्हल लावून दाखवा म्हणून ठेकेदाराला सांगितलं आहे, ऊन चढायच्या आत. प्रत्येक विंगमधून एक तरी जण या.

बी-३०३: मी येतो. महावितरणची केबल त्या पट्टीतून कुठून जाते, जुना नकाशा कोणाकडे आहे का?

ए-१०३ ताई: माझ्याकडे आहे, आज संध्याकाळी फोटो टाकते.