गणवेश नाही म्हणून मूल वर्गाबाहेर: शिस्त की शिक्षणाचं नुकसान?

माळावरचा मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे स्पष्टच लिहितो. गणवेश असावा, त्याला माझा विरोध नाही. पण गणवेश मळलेला आहे, बूट नाहीत, शनिवारी पांढऱ्याऐवजी निळा घातला, एवढ्यावरून मुलाला परिपाठाच्या रांगेतून बाजूला काढणं, वर्गाबाहेर उभं करणं किंवा घरी पाठवणं कायमचं बंद झालं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई करतं. अख्ख्या शाळेसमोर कपड्यांवरून उभं करणं हा मानसिक त्रासच आहे.

2024-25 चं वर्ष आठवा. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्यस्तरावर झाली, शिलाई बचत गटांकडे गेली. शाळा जूनमध्ये उघडल्या, पण कित्येक ठिकाणी 15 ऑगस्टच्या झेंडावंदनालाही मुलं जुन्याच कपड्यांत होती. जिथे गणवेश पोचले तिथेही मापांच्या तक्रारी. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शासनाचा उशीर आपण महिनोन्महिने सोसतो, मग चौथीतल्या पोराला एक दिवस का सोसत नाही?

आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. फडावरून परत येतात तेव्हा कपड्यांची दशा झालेली असते. अशीच एक मुलगी, फ्रॉकची चेन तुटलेली, पाठीला दोन सेफ्टी पिना. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की जागची हलायची नाही. हातच्याची वजाबाकी तिला वहीत पक्की येत होती. फळ्याकडे तोंड केलं की वर्गाकडे पाठ होते, एवढंच कारण. गणवेशाचा शिकण्यावर परिणाम होतो तो इथे.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली
सर, तुमची कळकळ पोचली, पण मत पटलं नाही. तुम्ही सांगितलेला प्रसंग गणवेश न मिळाल्याचा आहे, गणवेशाच्या सक्तीचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका. सक्ती सैल केली की पहिल्या आठवड्यात चार मुलं रंगीत कपड्यांत येतात, महिन्याभरात अर्धा वर्ग. मग कोणाची जीन्स कितीची, यावर मधल्या सुट्टीत गप्पा. आमच्या लहानपणी कपड्यांवरून कोणाचा पोर कोणत्या वस्तीतला हे ओळखू यायचं आणि त्याला बसवायची जागाही त्यावरून ठरायची. गणवेशाने ते मोडलं. न पाळल्यावर काहीच होत नसेल तर तो नियम कागदावरच राहतो.

अमेरिकेतलं लाँग बीच शहर पाहा. 1994 मध्ये तिथल्या सरकारी शाळांनी प्राथमिक आणि मधल्या वर्गांना गणवेश सक्तीचा केला. मारामाऱ्या, गुन्हे घटल्याचं तिथल्या शिक्षण खात्याने सांगितलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1996 च्या भाषणात शाळांच्या गणवेशाची बाजू घेतली होती.

आकडेमोड
काका, लाँग बीचचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. तिथे त्याच काळात सुरक्षेचे इतरही उपाय झाले होते, त्यामुळे श्रेय एकट्या गणवेशाला देता येत नाही. 1998 मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकमोर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांची देशपातळीवरची माहिती तपासली. हजेरी, वर्तन यांवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही आणि गुणांच्या बाबतीत तर किंचित उलटाच संबंध दिसला.

आपल्या परिस्थितीला जवळचा अभ्यास केनियातला आहे. मायकल क्रेमर (2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) आणि सहकाऱ्यांनी मोफत गणवेश देऊन पाहिलं. गैरहजेरी घटली, आणि आधी ज्यांच्याकडे गणवेशच नव्हता त्यांच्यात सर्वांत जास्त घटली. पण काही वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा पुढच्या शिक्षणावर टिकाऊ फरक दिसला नाही. म्हणजे कपड्यामुळे मूल दारापर्यंत येतं. पुढचं काम शिक्षकाचं आहे. आणि दारातूनच परत पाठवलं तर तेवढाही फायदा गेला.

आठवीतल्या मुलीची आई
पांढऱ्या गणवेशाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. मुलीच्या शाळेत शनिवारी कवायत आणि पांढरा स्कर्ट. पाळीचे दिवस शनिवारी आले की ती पोट दुखतं म्हणून घरी. मैत्रिणींनाही विचारलं, तेच. कवायतीत वाकायचं, उड्या मारायच्या, अंगावर पांढरं, शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी कधी असतं कधी नसतं. वर्गशिक्षिका हजेरीबद्दल मलाच बोलावून विचारतात. निळी पँट केली तर कोणाचं काय बिघडणार आहे? केरळमध्ये बालुसेरीच्या सरकारी शाळेने 2021 मध्ये अकरावीला मुला-मुलींसाठी शर्ट-पँट असा सारखाच गणवेश आणला. विरोध झाला, पण धावायला, बसमध्ये चढायला सोपं म्हणून मुलींनाच तो आवडला होता.

खाजगी शाळेतला खर्च हा आणखी वेगळा विषय. रोजचा, शनिवारचा, पी.टी.चा, शिवाय हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट, आणि सगळं ठरलेल्या एकाच दुकानातून. ही समानता असेल तर ती आम्हाला फार महाग पडते.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली
ताई, पांढऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मुख्याध्यापकांनी उद्याच्या उद्या बदलावं. दुकानाची सक्तीही चूकच. पण मास्तरांना माझा प्रश्न तसाच आहे. शिक्षा नको, मग गणवेश घालायला लावायचं कसं? आमच्या शाळेत कपाटात जादा जोड ठेवत होतो. नसेल त्याने तो घालायचा आणि वर्गात बसायचं.

माळावरचा मास्तर
सर, कपाटातला शर्ट कोणता हे दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाला माहीत असतं. माझ्याकडचा उपाय साधा आहे: मुलाला काही बोलायचं नाही, पालकाला गाठायचं. बहुतेक वेळा कारण धुण्याचं निघतं. एकच जोड, पावसाळा, वाळत नाही. ज्याला परवडतं आणि तरी मुद्दाम घालत नाही, अशी मुलं आमच्या शाळेत मला फारशी भेटली नाहीत. शहरात असतील, तर त्यांच्यासाठी केलेला नियम आमच्या पोरांवर कशाला?

सुईदोरा
मी बचत गटात शिवते. गणवेशाला मास्तरांइतकीच मीही नावं ठेवली असती, पण शिवणारीची बाजू कोणी मांडत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एका मुलाच्या दोन गणवेशांचे मिळून 600 रुपये. त्यात कापड, बटणं, दोरा, शिलाई सगळं. एवढ्यात चांगलं सुती कापड येत नाही, आणि पॉलिस्टरचं कापड उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात अंगाला चिकटतं. शिवाय इयत्तेवरून काढलेल्या मापाने शिवलं तर निम्म्यांना घट्ट, निम्म्यांना ढगळ होणारच. तिसरीतली सगळी पोरं एका अंगाची नसतात.

अंगावरून माप घेतलं की शिवणीत दोन बोटं माया सोडता येते, खाली दुमड जास्त ठेवता येते. पुढच्या जूनला उसवून वाढवलं की तोच कपडा आणखी वर्षभर चालतो. आता काम परत समित्यांकडे आलंय, तर मापं एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या आत घ्या. पैसे मे महिन्यात खात्यावर द्या. गावातल्या शिवणाऱ्या बाईला हातात महिना मिळाला तर ती शाळा उघडायच्या आत शंभर जोड देते. पैसे ऑगस्टमध्ये आले तर कपडे दिवाळीलाच होणार, आणि तोवर पोरांना रागावून काय उपयोग?