मदत हवी आहे: घरी पिक्चर बघायला कुठला गेमिंग कन्सोल घ्यावा?

नमस्कार मंडळी, पुण्यात कोथरूडला राहतो, टीव्ही जुना झालाय, त्यातली अ‍ॅप्स उघडायलाच दोन-दोन मिनिटं लागतात आणि मधेच अडकतात, म्हणून विचार केला की नुसती टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घेण्यापेक्षा कन्सोलच घ्यावा, मुलगा गेम खेळेल आणि आम्ही पिक्चर बघू.

आता अडलंय ते डिस्कवर. बाबांकडे नाटकांच्या डीव्हीडींचा अख्खा खोका आहे, कव्हरवर त्यांच्याच अक्षरात तारखा, त्या टाकवत नाहीत. एक्सबॉक्स सीरिज एस बजेटमध्ये बसतो पण त्याला डिस्क ड्राइव्हच नाही. डिस्कवाला सीरिज एक्स किंवा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ (पीएस५) घेतला तर डीव्हीडी आणि ४के ब्लू-रे दोन्ही चालतात. पीएस५ ला डॉल्बी व्हिजन (चित्राचे रंग-उजेड जास्त चांगले दाखवणारं तंत्र) नाही, एक्सबॉक्सला आहे, पण स्ट्रीमिंग आणि गेमला, डिस्कला नाही, आमच्या टीव्हीला नाहीये पण पुढे बदलू तेव्हा फरक पडेल ना?

शिवाय हार्ड डिस्कवर बरेच पिक्चर आहेत, एक्सबॉक्सवर व्हीएलसी, कोडी ही व्हिडिओ बघायची अ‍ॅप्स मिळतात, पीएस५ वर तसल्याच प्लेक्स अ‍ॅपवर भागतं का? आईला रिमोटच लागतो, कंट्रोलर जमत नाही. कोणी रोज असं वापरतंय का? रविवारी तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जायच्या आधी सांगा प्लीज.